हत्तीच्या पिल्लांचा जीव घेणारा हर्पिस आणि आपल्या कुळागरांतल्या हत्तिणी

सावईची_सून
रविवार, रात्री ९.४०

आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, गोव्यात सावई-वेऱ्याला आहे. पाट ओलांडला की पलीकडे पर्यटकांसाठी खुली केलेली मसाल्याची बाग, आणि तिथे दोन हत्तिणी. मी लग्न होऊन इथे आले त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून थोरली हत्तीण संध्याकाळी पाण्यात उतरते ते आमच्या पोफळींच्या आडून दिसतं. माझा मुलगा तिला बघतच वाढला. केळीचा घड उतरवला की खांब तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचं काम त्याचं.

शाळेच्या प्रकल्पासाठी तो केरळातल्या कोट्टूरच्या हत्ती केंद्राची माहिती शोधत होता. २०२१ च्या जून-जुलैत तिथली दोन पिल्लं थोड्याच दिवसांच्या अंतराने गेली. श्रीकुट्टी जेमतेम दीड वर्षाची, अर्जुन चार वर्षांचा. कारण दिलंय हर्पिस विषाणू. रात्री माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, "आई, आमच्या हत्तिणीला झाला तर?"

मला उत्तर देता आलं नाही. मराठीत शोधलं तर दोन-चार ओळींच्या बातम्या सापडल्या, "हत्तीचा गूढ मृत्यू" वगैरे. हा आजार नक्की आहे काय? येतो कुठून? माणसाला होतो का? इथे गुरांचे डॉक्टर आहेत, दोडामार्ग-सत्तरीकडची हत्ती पाहिलेली माणसंही आहेत. मुलाला खरं उत्तर द्यायचं आहे, म्हणून हा धागा.


पेडण्याचा_शेतकरी
रविवार, रात्री १०.१५

वाचतोय. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार हत्ती आमच्या तांबोसे-तोरसे भागात उतरला, तेव्हा मी त्याला शंभर पावलांवरून बघितला. भात तुडवलं, केळी गेल्या. तरी जवळून बघितल्यावर एकच गोष्ट मनात राहिली, की हे पोर आहे. दहाएक वर्षांचं, कळपातून सुटलेलं. त्याच्यासारख्याला हा रोग होतो का? आणि हर्पिस म्हणजे आपल्या ओठावर उठतो तोच का?


गुरांचा_दोतोर
सोमवार, सकाळी ६.२०

ताई, मुलाला सांगा की प्रश्न अगदी बरोबर जागी पडला आहे. माझी सगळी नोकरी गायी-म्हशींत गेली, पण केरळात हत्तींच्या पशुवैद्यांबरोबर काही महिने काम करायला मिळालं आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. सविस्तर लिहितो.

हर्पिस हे एका विषाणूचं नाव नाही, कुळाचं आहे. माणसाच्या ओठावरचे फोड, कांजिण्या, नागीण हे सगळे या कुळातले. कांजिण्या लहानपणी येऊन जातात, पण विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंत लपून राहतो आणि पन्नाशी-साठीत नागीण होऊन उठतो. हर्पिस कुळाचा स्वभावच हा, की घरात शिरला तो जन्माचा राहिला. मात्र प्रत्येक प्राण्याचा हर्पिस वेगळा. हत्तीचा आपल्याला होत नाही, आपला हत्तीला होत नाही. गाईलाही नाही.

हत्तीच्या या विषाणूचं नाव लांब आहे : एलिफंट एंडोथेलिओट्रॉपिक हर्पिसव्हायरस. बोलताना सगळे ईईएचव्ही म्हणतात. नावातला मधला शब्द महत्त्वाचा. एंडोथेलियम म्हणजे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. हा विषाणू नेमका त्या अस्तरावर जाऊन बसतो.

पुढे काय होतं ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, बांधाला कुर्ल्यांनी बिळं पाडली तर बांध वरून धड दिसतो, पण आतून पोखरलेला असतो. एक दिवस भरतीचं पाणी एकदम दहा ठिकाणांहून शिरतं. पिल्लाच्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. हृदय, यकृत, आतडी, जीभ, जिथे बघाल तिथे रक्त पाझरतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स भराभर संपतात. डोकं आणि सोंड सुजते, जीभ निळी-जांभळी पडते. पहिलं लक्षण दिसल्यापासून एक ते तीन दिवसांत बहुतेकदा खेळ संपतो. काही पिल्लं तर काहीच न दाखवता जातात. संध्याकाळी आईच्या पायात खेळणारं पिल्लू सकाळी आडवं सापडतं.

आता मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या पलीकडच्या हत्तिणी प्रौढ आहेत. त्यांच्या शरीरात हा विषाणू बहुतेक आधीपासूनच असेल, कारण जवळजवळ प्रत्येक मोठ्या आशियाई हत्तीत तो असतो. मधूनमधून सोंडेच्या पाण्यातून, लाळेतून बाहेर पडतो. हत्तीण मात्र ठणठणीत असते. मारतो तो पिल्लांना, मुख्यतः एक ते आठ वर्षांच्या आतल्या. त्यामुळे त्याला सांगा, या आजाराने तुझी हत्तीण जाईल अशी भीती बाळगू नको.


साखळीची_मास्तरीण
सोमवार, दुपारी १.०५

डॉक्टर, फार उपयोगी लिहिलंत. एक शंका. आई रोगी नाही आणि पिल्लू मरतं, असं का? आईच्या दुधातून ताकद मिळत नाही का त्याला?

दुसरं. मी वाचलं होतं की परदेशी प्राणिसंग्रहालयांत आफ्रिकन आणि आशियाई हत्ती एकत्र ठेवल्यामुळे हा रोग निर्माण झाला. तसं असेल तर हा सरळ माणसाने केलेला अपराध आहे.


गुरांचा_दोतोर
सोमवार, रात्री ८.५०

मास्तरीणबाई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याची गोष्ट कळल्याशिवाय पहिल्याचं उत्तर नीट लागत नाही.

वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये १९९३ च्या डिसेंबरात कुमारी नावाचं मादी पिल्लू जन्मलं. तिथे जन्मलेला हा पहिलाच हत्ती. एप्रिल १९९५ मध्ये ती सोळा महिन्यांची असताना अचानक गेली. कारण कळेना. शवविच्छेदनातल्या ऊतींचा पिच्छा लॉरा रिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडला नाही आणि १९९९ मध्ये हा नवा हर्पिस विषाणू त्यांनी जगापुढे मांडला. त्या वेळी अंदाज असा होता की आफ्रिकन हत्तींत निरुपद्रवी असलेला विषाणू आशियाई पिल्लांत शिरतो आणि मारतो. तुम्ही वाचलंत ते हेच.

तो अंदाज पुढे टिकला नाही. विषाणूचे प्रकार एकेक करून ओळखले गेले तेव्हा दिसलं की १ए, १बी, ४ आणि ५ हे आशियाई हत्तींचे स्वतःचे आहेत. २, ३, ६, ७ हे आफ्रिकन हत्तींचे. आशियाई पिल्लांचा सर्वांत मोठा वैरी १ए. त्यातही भारतातलं काम फार मोलाचं आहे. अरुण झकारिया आणि सहकाऱ्यांनी केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत मेलेल्या पिल्लांच्या जपून ठेवलेल्या ऊती तपासल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं : नऊ प्रकरणांत हाच विषाणू. त्यांत रानातली पिल्लं होती आणि अनाथ म्हणून छावणीत आणलेलीही. विषाणूचे वाणही वेगवेगळे निघाले. बाहेरून एक साथ आली असती तर सगळीकडे एकच वाण सापडला असता. म्हणजे हा आपल्या रानांतला जुना रहिवासी आहे. हत्तींबरोबर तो हजारो पिढ्या राहत आला आहे.

आता पहिला प्रश्न. आईकडून पिल्लाला संरक्षण मिळतं. प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारे रक्तातले घटक, मुख्यतः गर्भात असतानाच मिळतात, मग दूध असतंच. पण ही उसनवारी आहे, हळूहळू सरते. ती सरायच्या आधीच, आईची राखण चालू असताना, पिल्लाची विषाणूशी ओळख झाली तर पिल्लू स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकतं. आईची शिदोरी संपली आणि नंतर पहिली गाठ पडली, तर पिल्लू उघडं पडतं. या आजाराने गेलेल्या पिल्लांच्या रक्तात त्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं अगदीच कमी होती, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे.

माणसाचा वाटा कुठे आहे तर तो इथे. रानात पिल्लू आई, मावश्या, आजी अशा सगळ्यांच्या सोंडा तोंडात घेत वाढतं. बंदिवासात दोन-तीन हत्तींत वाढणाऱ्याला हा सहवास मिळत नाही. युरोप-अमेरिकेतल्या बंदिवान आशियाई पिल्लांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक याच आजाराने झाले आहेत. अपराध हा शब्द मी वापरणार नाही, पण जबाबदारी आपली आहे हे नक्की.


पेडण्याचा_शेतकरी
सोमवार, रात्री ९.३०

आणि ओंकार?


गुरांचा_दोतोर
सोमवार, रात्री ९.४५

विसरलो नाही. दहा वर्षांच्या नराला धोका पिल्लापेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. ओडिशात नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चार हत्ती पाठोपाठ गेले, ते काही दूधपिते नव्हते. अशा तरुण हत्तीला पकडलं, ट्रकातून नेलं, अनोळखी हत्तींत सोडलं, तर पहिले काही महिने त्याचं रक्त नियमाने तपासायला हवं. माझं हे मत ठाम आहे.


दोडामार्गवाला
मंगळवार, सकाळी ७.३५

आमच्याकडे २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती उतरले ते तिलारी खोऱ्यातच राहिले. भेरली माड कसा आडवा करून आतला गाभा खातात ते आमच्या पोरांना पाठ आहे. नुकसान किती होतं ते विचारू नका. पण कळपात पिल्लू दिसलं की आमचीच माणसं बांधावर उभी राहून बघत बसतात, हेही खरं आहे.

माझा प्रश्न साधा. उद्या रानात पिल्लू मेलेलं सापडलं तर आम्ही गावकऱ्यांनी काय करायचं? इथे पहिला संशय विजेच्या तारेचा, दुसरा विषाचा, तिसरा सापाचा. आणि पहिला आरोप शेतकऱ्यावर.


गुरांचा_दोतोर
मंगळवार, रात्री ९.१०

तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. हात लावू नका, हलवू नका, वन खात्याला लगेच फोन करा. वेळ फार महत्त्वाची, कारण आपल्या हवेत हत्तीचं शरीर आतून फार लवकर कुजतं. जाड कातडीत उष्णता कोंडते.

आणि पंचनाम्याच्या वेळी आग्रह धरा की विषतपासणीसाठी जसे नमुने घेतात तसे हृदय, यकृत, प्लीहा, जीभ यांचे तुकडे विषाणूच्या तपासणीसाठीही घ्यावेत, काही गोठवून, काही फॉर्मॅलिनमध्ये. हृदयावर रक्ताचे ठिपके असतील, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलेलं असेल, तर संशय पक्का करावा. २०१३ चं ते काम शक्य झालं कारण कुणीतरी वर्षांपूर्वीचे तुकडे शीतपेटीत नीट जपले होते. तुकडाच ठेवला नाही तर पिल्लू कशाने गेलं हे कधीच कळत नाही, आणि मग शेतकरी उगाच बदनाम होतो.


कांपालची_कन्या
मंगळवार, रात्री ९.४०

माझं स्पष्ट मत मांडते. हत्ती कुळागरात असायलाच नकोत. पर्यटक पाठीवर बसवायचे, सोंडेने अंगावर पाणी उडवायला लावायचं, हे थांबलं पाहिजे. विषाणूची चर्चा ठीक आहे, पण मूळ रोग हा धंदा आहे.


सावईची_सून
मंगळवार, रात्री १०.२०

कांपालताई, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. दुपारच्या उन्हात तिच्या पाठीवर चौघे चढतात ते मी बघते आणि आत निघून येते. पण या दोघी आत्ता इथे आहेत. त्यांचं उद्या काय करायचं हे ठरेपर्यंत आज त्यांना काय हवं, तेही कुणी बघायला नको का? डॉक्टर, तुम्ही म्हणालात यांना या हर्पिसची भीती नाही. मग कशाची आहे?


गुरांचा_दोतोर
बुधवार, सकाळी ६.४०

पाय आणि क्षयरोग.

सिमेंटच्या किंवा सतत ओल्या जागी उभं राहून तळवे मऊ पडतात, नखं फुटतात, पू होतो. आपल्या चार महिन्यांच्या पावसात तर जास्तच. तिच्या उभं राहायच्या जागी माती कोरडी आहे का, एवढं तरी बघा.

क्षयरोगाचं मात्र सगळ्यांनी वाचा. हर्पिस माणूस आणि हत्ती यांच्यात फिरत नाही, पण माणसाचा क्षय हत्तीला होतो आणि हत्तीचा माणसाला. दोन्हींचा जंतू एकच. रोज शंभर माणसं सोंडेपुढे तोंड नेऊन फोटो काढणार असतील तर माहुताची आणि हत्तीची दोघांची तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी. हत्तीची तपासणी सोंडेच्या धुवणाने करतात. सोंडेत स्वच्छ मिठाचं पाणी सोडायचं, सोंड वर धरायला लावायची, मग ते पाणी पिशवीत झेलायचं. हर्पिसचा विषाणू बाहेर पडतोय का तेही याच धुवणातून बघतात.

कांपालच्या ताईंना एवढंच सांगतो. पाठीवरच्या सवारीबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे.


ह्यूस्टनचा_बार्देशकर
बुधवार, सकाळी ९.०५

मूळचा म्हापशाचा, आता टेक्सासात. माहिती म्हणून लिहितो. इथल्या ह्यूस्टन झूने बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनबरोबर या विषाणूवर लस तयार केली आहे, एमआरएनए प्रकारची. जून २०२४ मध्ये टेस नावाच्या चाळिशीतल्या हत्तिणीला जगातली पहिली मात्रा दिली. आधी मोठ्या हत्तीवर सुरक्षित आहे का बघायचं, मग पिल्लांकडे जायचं, असा क्रम. मी मुलींना घेऊन टेसला बघायला गेलो होतो. ताई, तुमच्या मुलाच्या प्रकल्पात हे घाला.


साखळीची_मास्तरीण
बुधवार, दुपारी १२.३०

किती छान! पण लस येईपर्यंत उपचार काहीच नाहीत का?


गुरांचा_दोतोर
बुधवार, रात्री ९.००

आहेत. पण ते चालतात पहिल्या काही तासांत.

माणसाच्या हर्पिसवरची औषधं वापरतात, फॅमसायक्लोव्हिर, गॅनसायक्लोव्हिर. पिल्लू तोंडाने घेत नसेल तर गुदद्वारातून देतात. रक्त पाझरून रक्तवाहिन्या रित्या होतात म्हणून सलाइन, तेही शिरेतून जमलं नाही तर गुदद्वारातून. आणि निरोगी प्रौढ हत्तीचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग. त्यात प्रतिपिंडं असतात, रक्त गोठवणारे घटक असतात. आधी दोघांचं रक्त जुळतं का बघावं लागतं. म्हणून चांगल्या केंद्रांत प्लाझ्मा आधीच काढून गोठवून ठेवतात.

आता बघा. कानामागच्या शिरेतून रक्त काढायला पिल्लाने उभं राहायला हवं. गुदद्वारात नळी घातली तर लाथ मारायला नको. आजारी, घाबरलेल्या पिल्लाला हे ऐन वेळी शिकवता येत नाही. ते निरोगी असताना, गूळ-केळं देत, रोज थोडं थोडं शिकवावं लागतं. जिथे पिल्लं वाचली तिथे हे शिक्षण आधीच झालेलं होतं, आणि दर आठवड्याला रक्त तपासलं जात होतं. रक्तात विषाणू दिसतो तेव्हा पिल्लू अजून खेळत असतं. लक्षण दिसायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो, आणि अहवालाची वाट बघितली तर फारच. संशय आला की औषध सुरू, अहवाल मागून येऊ दे. मला शिकवणाऱ्या डॉक्टरांचा हाच नियम होता.

पण पहिला संशय यंत्राला येत नाही. माहुताला येतो. आज हा पिल्लू जरा कमी झोपला, डावा पाय जपून टाकतोय, आवडीचं केळं सोंडेत घेऊन नुसतं धरून उभा आहे. हे ज्याच्या लक्षात येतं त्याचं वेतन, त्याची राहायची खोली, त्याचं म्हणणं वैद्याने ऐकून घेणं, हे सगळं मी औषधाच्या बरोबरीचं मानतो.


सावईची_सून
शनिवार, रात्री ११.१०

डॉक्टरांचं ते शेवटचं वाचून मी आणि मुलगा आज संध्याकाळी पलीकडे गेलो. माहूत मामा कर्नाटकातले. साठीच्या आसपासचे. कोकणी मोडकी बोलतात. आजवर आमचं बोलणं केळीच्या खांबापलीकडे कधी गेलं नव्हतं, याचं मला आज वाईट वाटलं.

मुलाने प्रकल्पाची वही उघडली आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते ऐकत होते. जिभेपाशी आल्यावर म्हणाले, "थांब."

थोरल्या हत्तिणीला एक पिल्लू झालं होतं. इथे यायच्या आधी, रानातल्या छावणीत असताना. मादी. दोन पावसाळे बघितले तिने. एका सकाळी आईच्या पोटाखाली येईना. दुपारी तोंड असं सुजलं की डोळे बारीक झाले. मामांनी तोंड उघडून बघितलं तर जीभ पिकल्या जांभळासारखी. सगळे म्हणाले साप चावला. कुठे चावला ते शोधत रात्र गेली. पहाटे ती गेली. आईने दोन दिवस तिथून कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

मामा इतकी वर्षं समजून होते की साप त्यांच्या लक्षात आला नाही. रात्री आपण झोपलो म्हणून साप आला. मुलाला त्यांनी तीन वेळा विचारलं, साप नव्हता ना? त्याने माझ्याकडे बघितलं. मला काय सांगावं कळेना. डॉक्टर, तुम्ही सांगा.


गुरांचा_दोतोर
रविवार, सकाळी ५.५०

ताई, रात्रीच वाचलं. लगेच लिहायला बसलो होतो, जमलं नाही.

तुकडा ठेवलेला नसेल तर प्रयोगशाळेच्या भाषेत ठामपणे काही म्हणता येत नाही. पण वय, सूज, जीभ आणि वेळ, चारही गोष्टी या आजाराशी जुळतात. मामांना माझ्या नावाने सांगा की गुरांच्या एका डॉक्टरचं मत आहे, तो साप नव्हता. आणि हेही सांगा की ते रात्रभर जागे राहिले असते तरी त्या काळी त्यांच्या हातात काही नव्हतं. या आजाराला नावसुद्धा तेव्हा नुकतंच मिळालं असेल, किंवा मिळायचं असेल.


दोडामार्गवाला
रविवार, सकाळी ८.१५

मामांना आमचाही नमस्कार सांगा. आमच्या गावच्या बैठकीत मी डॉक्टरांचा नमुन्यांबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.


सावईची_सून
रविवार, रात्री ८.३०

सांगून आले. मामा काही बोलले नाहीत. बराच वेळ तिच्या पायाला टेकून उभे राहिले.

मग मुलाला जवळ बोलावलं आणि तिला कानडीत हलकेच काहीतरी म्हणाले. तिने सोंड वर घेतली, तोंड उघडलं. त्या पहाटेपासून रोज सकाळी ते हे करतात, म्हणाले. एक दिवस चुकलेला नाही. ती आता मोठी आहे, तिला तो आजार व्हायचा नाही, हे मुलाने त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याच्या हातात बॅटरी दिली. मुलाने आत उजेड टाकला. जीभ पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी होती.